गजराबाईंचं आरमार

खालल्या गल्लीत गजराबाईंना सगळे ‘संरक्षण खातं’ म्हणत. तोंडावर नाही हं. तोंडावर काकू, मामी, वहिनी, ज्याचं जे नातं असेल ते. पण पाठ वळली की ‘संरक्षण खातं पाण्याला गेलं’, ‘संरक्षण खात्याची म्हैस व्याली, चीक मागून आणा’, असं बिनदिक्कत चालायचं. बाई अंगाने एवढीशी. पण आवाज असा, की घाटावर बोलली तर तापीच्या पलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करून बघायच्या.

हे नाव पडलं आखाजीमुळे. अक्षय तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, गौराई बसते, घरोघरी सांजोऱ्या तळतात, झाडाझाडाला झोके लागतात. आणि तापीकाठच्या ह्या गावात सणाच्या दुसऱ्या दिवशी लढाई होई. वरली गल्ली आणि खालली गल्ली, दोन्हीकडच्या बाया आपापली गौराई घेऊन नदीवर जात. डोहाच्या मधोमध एक काळा खडक होता, गायखडक; उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून चालत तिथवर जाता येई. ज्यांची गौराई आधी त्या खडकावरून पाण्यात जाईल ती गल्ली जिंकली. जिंकलेल्यांना चावडीपुढच्या मोठ्या निंबाचा झोका, सण उठेपर्यंत. हरलेल्यांनी घरात आढ्याला दोरी बांधावी आणि तान्ह्या पोरासारखं हलावं.

वाटेत अडवाअडवी चाले. चिखलाचे गोळे, शेणपाणी, भुसा, सगळं चाले. दगड मात्र नाही, आणि गडीमाणसांनी घाटाकडे तोंडही करायचं नाही. सगळ्यात मोठा नियम गाण्याचा. समोरच्या गल्लीने तुमच्यावर उणंदुणं काढणारं गाणं टाकलं, तर त्याला तोडीस तोड गाणं परत केल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. टाकलं की हरलात. गौराई बघत असते, म्हणून हा नियम कधी कोणी मोडला नाही.

खालल्या गल्लीची सगळी तयारी गजराबाईंच्या हाती. कुठल्या पोरीला कुठे उभं करायचं, चिखल कुणी मळायचा, भुसा कुणाच्या खळ्यातून आणायचा. आणि सगळ्यात मुख्य, सांजोऱ्या कुणाला किती. कारण जिच्या पदरात सांजोऱ्या पडत ती जीव तोडून लढे, आणि जिला मिळत नसत तिच्या नेमकं त्याच दिवशी पोटात दुखे.

त्या वर्षी ही वाटणी फार अवघड झाली. पासष्टच्या लढाईनंतरची ती पहिली आखाजी. गावात लढाईशिवाय दुसरा विषय नव्हता. दुकानदार रतिलालने रेडिओ घेतला होता आणि ओट्यावर ठेवून तो सगळ्या गल्लीला बातम्या ऐकवायचा. गजराबाईंचा धाकटा दीर लोटन ब्रह्मदेशात लढून आलेला. त्याचा एक गुडघा वाकत नसे, त्यामुळे तो ओट्यावर एक पाय तोफेसारखा पुढे करून बसे. दोघांची रोज जुंपे. गजराबाई भिंतीआड कुरडया वाळत घालत आणि एकही शब्द खाली पडू देत नसत.

"जमीन ती जमीन," लोटन म्हणे. "विमान काय गाव जिकी लेस? विमानमाईन उतरीसन पायवरच चालनं पडस! सरकारनी सगळा पैसा पायदळले देवाले पाहिजे."

"जा रे भाई," रतिलाल म्हणे. "तुन्हं पायदळ गुडघा धरीसन बठेल शे. वरतीन एक टाकं, का काम खतम. सगळा पैसा विमानले!"

"आणि आरमार?" एकदा कोणीतरी विचारलं.

मग दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. आरमार काय करायचंय? तापीत कोण जहाज घेऊन येतंय?

भिंतीआड गजराबाईंनी कुरडईचा सोऱ्या असा दाबला की चकती तुटली. "बराबर शे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

आरमाराचा त्यांना राग होता, आणि रागाला कारण होतं. त्यांची एकुलती लेक शोभा कोरीट गावच्या हिलालला दिलेली. घर चांगलं, मुलगा गुणी. लग्न ठरलं तेव्हा ‘मुलगा सरकारी नोकरीत’ एवढंच कळलं होतं. कसली नोकरी हे हळद लागल्यावर कळलं. खानदेशातला पोरगा, गुडघाभर पाण्यात म्हैस धुतलेली तेवढीच त्याची पाण्याची ओळख, आणि हा जहाजावर! आता त्याला विशाखापट्टणला खोली मिळाली होती. आखाजी झाली की शोभाला घेऊन तो जाणार होता. विशाखापट्टण कुठे आहे ते गजराबाईंना कोणी नीट सांगू शकलं नाही. रतिलाल म्हणाला, "सुरतनी उलटी बाजू." म्हणजे पुढच्या आखाजीला लेक येईल की नाही, त्याच्या पुढच्याला तरी येईल की नाही, ते देवालाच ठाऊक.

गजराबाईंनी गौराईपुढे दिवा लावला आणि एकच मागणं मागितलं. माय, ह्या वर्षी निंबाचा झोका आम्हाला दे. मन्ही शोभा एकदा त्या झोक्यावर उंच जाऊ दे, निंबाच्या शेंड्याला पाय लागेस्तोवर. मग ने तिला कुठे न्यायचंय तिथे.

झोका जिंकायचाच होता. म्हणून त्यांनी सांजोऱ्यांची टोपली पुढ्यात घेतली आणि वाटणी मांडली. घाटाच्या वाटेवर ज्या पोरी चिखल घेऊन उभ्या राहणार ते पायदळ. मोठा वाटा त्यांचा. डोहावर वाकलेल्या जांभळीवर चढून ज्या भुसा ओतणार ते विमान. उरलेला सगळा वाटा त्यांचा. टोपली रिकामी.

"आणि पाण्याचं काय, माय?" शोभा म्हणाली.

"पान्यानं काय? आपला चालीसन जासूत खडकपावत. दरसाल जातस."

"माय, ऐक ना. नियम पावलाचा आहे. गाणं परत केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पण पाण्यावर तरंगत गेलं तर पाऊल कुठे आहे? गुऱ्हाळातली काहील दे मला. दोघीतिघी आरामात बसतो."

ऊस संपून गुऱ्हाळ बंद झालं होतं आणि गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी काहील नदीकाठी पालथी पडली होती. मागे एका पुरात तिच्यातून माणसं आणली होती, हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पण गजराबाईंनी ओठ घट्ट केले.

तेवढ्यात हिलाल अंगणात आला. तो कालच शोभाला न्यायला म्हणून आला होता. गजराबाईंनी झटकन पदर हनुवटीपर्यंत ओढला. जावयासमोर तोंड उघडं ठेवायची आणि त्याच्याशी सरळ बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. त्या दाराच्या चौकटीशी बोलत आणि जावयाने ते ऐकायचं.

"मामी, शोभाचं बरोबर आहे," हिलाल भीतभीत म्हणाला. "थोडं पाण्याकडेही द्यावं. तीन बाजू असल्या आणि एक उघडी ठेवली, की समोरचा तिथूनच येतो."

गजराबाई चौकटीला म्हणाल्या, "सांगी दे त्यास्ले. पानी मन्ही पोर ली चालनं. अजून त्याले काय देऊ?"

हिलालने मान खाली घातली. शोभा आत गेली. चौकट तेवढी जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ढोल वाजला. गावातले गडी मारुतीच्या पारावर जाऊन घाटाकडे पाठ करून बसले. हिलालही बसला, लोटन पाय लांब करून बसला, रतिलाल रेडिओ मांडीवर घेऊन बसला. आणि घाटावर दोन्ही गल्ल्या समोरासमोर आल्या. वरलीच्या पुढे सुंदरबाई. केळीच्या बागांची मालकीण, उंच, धिप्पाड, गजराबाईंची लहानपणची जिवलग मैत्रीण. दोघी एकाच गावच्या, दोघी एकाच मांडवात लग्न होऊन इथे आल्या, आणि वर्षातला हा एक दिवस सोडला तर एकमेकींशिवाय त्यांचं पान हलत नसे.

"उनी का वं गजरा?" सुंदरबाई ओरडली. "यंदा कितली सांजोऱ्या वाटी? पोरी ते फुगीसन बठन्यात!"

"तुन्ह्या पोरी केळं खाई खाई वाकड्या व्हयन्यात, त्या देख आधी!"

पायदळ पुढे सरकलं. चिखल असा उडू लागला की कोण सासुरवाशीण आणि कोण गावची म्हैस, ओळखू येईना. गजराबाईंच्या पोरी खरोखरच जीव तोडून लढत होत्या. एकेक पाऊल करत, वरलीला बाजूला रेटत त्यांनी पाण्याची कड गाठली. "विमान!" गजराबाईंनी हात वर केला. जांभळीवरच्या पोरींनी भुशाच्या टोपल्या उपड्या केल्या.

नेमका त्याच क्षणी वारा फिरला.

सगळा भुसा खालल्याच गल्लीवर आला. ओल्या चिखलावर भुसा बसला आणि गजराबाईंचं अख्खं पायदळ अनारशासारखं दिसू लागलं. कोणी शिंकतंय, कोणी डोळे चोळतंय. वर झाडावरच्या पोरी हसून हसून फांदीला लोंबकळायला लागल्या. आणि त्याच वेळी सुंदरबाईने गाणं टाकलं:

"खालली गल्लीनी पार्वती काकी,
चष्मा धुंडस नि चष्मा नाकी!"

पार्वतीबाई गजराबाईंची जाऊ. धुळ्याला जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आलेली, आणि चष्म्याबद्दल फार हळवी. ती पुढे झाली आणि तिने परत केलं:

"वरली गल्लीनी सुंदर गोरी,
तिन्ही भाकर कुत्रं परत करी!"

घाटावर हशा पिकला. आता पाऊल टाकायचं, तोच वरलीचं दुसरं गाणं आलं. ते परत केलं, तर तिसरं. वरलीने ह्या वर्षी गाण्यांची शिदोरीच बांधून आणली होती. पार्वतीबाईंना तर इतका चेव चढला की समोरच्या थांबल्या तरी त्याच नवीन गाणं काढू लागल्या. दोन्ही पायदळं जागच्या जागी उभी, हातवारे चाललेत, गळे फुगलेत, आणि गौराई डोक्यावर घेतलेली पोरगी मधे तिष्ठत उभी.

"जिभा घर ठेई उन्यात का वं?" वरलीकडून कोणीतरी डिवचलं. आणि गजराबाईंच्या लक्षात आलं, की डिवचणाऱ्यांत सुंदरबाईचा आवाज नाही.

त्यांनी डोहाकडे पाहिलं. वळणाआडून, बाभळीच्या सावलीतून, केळीच्या खांबांचा तराफा निघाला होता. जाड हिरवे खांब सुतळीने बांधलेले, वर सुंदरबाई मांडी घालून बसलेली, मांडीत त्यांची गौराई, आणि मागे एक पोरगी बांबू टेकत तराफा रेटतेय. हळूहळू, अगदी देवळात निघाल्यासारखी, वरली गल्ली गायखडकाकडे चालली होती. पाऊल न टाकता.

निंबाचा झोका गजराबाईंना डोळ्यांदेखत दूर जाताना दिसला, आणि त्या झोक्यावर बसलेली शोभाही.

"शोभा!" त्या किंचाळल्या. "काहील!"

शोभा जणू त्याच शब्दासाठी श्वास रोखून उभी होती. ती आणि चारसहा पोरी गुऱ्हाळाकडे सुटल्या. काहील कड्यांना धरून उभी केली, आणि ती चाकासारखी उतारावरून सुटली ती सुटलीच. बायका दोन्ही बाजूंना पळाल्या, दोन्ही गल्ल्यांची गाणी अर्ध्यात तुटली, पार्वतीबाईंचा चष्मा खरोखरच उडाला, आणि काहील धडामकन पाण्यात जाऊन आपटली आणि तरंगू लागली.

शोभाने गौराई उचलली, काहिलीत ठेवली, स्वतः चढली. "आणखी एक जण पाहिजे, तोल जातोय! माय, तू ये!"

"मी?"

"तूच! लवकर!"

गजराबाई, ज्यांनी पाण्याला सांजोरीचा तुकडा दिला नव्हता, त्या लुगड्याचा काचा मारून आरमारात दाखल झाल्या. चढल्या त्या भीतीने लेकीला चिकटून बसल्या. काहील त्या बाजूला कलली. पाणी आत आलं.

"माय, तिकडे बठ! दोन्ही एकच बाजूले बठनूत ते बुडी जासूत!" घाबरल्यावर शोभाची शाळेतली मराठी पळून जाई.

गजराबाई सरकत समोर गेल्या. काहील सपाट झाली. गूळ ढवळायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात आलं. आणि त्या वल्हवू लागल्या. खरंच वल्हवू लागल्या! काहील पुढे सरकली. सुंदरबाईने मागे वळून पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"व्वा वं गजरा! गूळ शिजाडस का पोर शिजाडस?"

"तुन्हा केळास्ना हलवा करस, थांब!"

इकडे पारावर, ‘काहील’ची आरोळी ऐकल्यापासून हिलालला राहवेना. घाटाकडे बघायचं नाही हे खरं, पण ओरडायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं. तो उभा राहिला आणि नदीकडे पाठ ठेवून, मारुतीकडे तोंड करून, जहाजावरच्या आवाजात ओरडला, "मामी! उजवीकडून मारा! उजवीकडून!"

झालं. जावयाचा आवाज ऐकला आणि गजराबाईंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. पदर खसकन हनुवटीपर्यंत आला. जावई बोलतोय म्हणजे आपण जावयासमोर आहोत, मग तो पाठमोरा असो की डोहापलीकडे. आता समोर खडक दिसेना, तराफा दिसेना, काहीच दिसेना. ओला पदर नाकातोंडाला चिकटला आणि त्या तशाच, आंधळेपणाने, जोरजोरात उजवीकडून वल्हवत राहिल्या.

काहील फिरू लागली. आधी हळू, मग भोवऱ्यासारखी.

"माय, पदर वर कर!"

"जवाई बोली ऱ्हायना ना वं!"

"तो मारुतीकडे बघतोय!"

"डावीकडून, मामी! आता डावीकडून!" हिलाल मारुतीला सांगत होता. गजराबाईंनी डावीकडून मारलं. काहील उलटी फिरू लागली. आभाळ, जांभूळ, घाट, सुंदरबाई, पुन्हा आभाळ. शोभाला पहिल्यांदा हसू आलं ते एका हुंदक्यासारखं, आणि मग ते थांबेचना. लेकीचं हसू ऐकून मायलाही हसू फुटलं. वल्हं पाण्यात सुटलं, पदर डोक्यावरून निसटून डोहावर पसरला, आणि दोघी काहिलीच्या कडांना धरून, तोंड उघडं टाकून, गरगर गरगर फिरत हसत राहिल्या. "माय वं! निंबना झोका काय करस येनापुढे!" शोभा ओरडली.

तेवढ्यात सुंदरबाईने खडकावर टेकून आपली गौराई पाण्यात सोडली आणि हात जोडले. वरली गल्ली जिंकली.

थोड्या वेळाने काहीलही भरकटत खडकाला लागली. गजराबाईंना उभं राहता येईना. त्यांनी बसल्या बसल्याच आपली गौराई सोडली. माय, झोका मागितला होता, त्या मनाशी म्हणाल्या, तो तू तुझ्या पद्धतीने दिलास.

संध्याकाळी निंबाखाली ढोल वाजला. सुंदरबाई मानाने झोक्यावर बसली आणि झोका द्यायला आपल्या पोरींना हाक मारली. कोणी आलं नाही. पुन्हा हाक मारली. निंबावरचे कावळे तेवढे उडाले. सुंदरबाई झोक्यावरून उतरली आणि नदीवर गेली, तर दोन्ही गल्ल्यांच्या यच्चयावत पोरी घाटावर. शोभा काहिलीचं कडं धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी, दोनदोन पोरींना समोरासमोर बसवतेय आणि गरकन फिरवून सोडतेय. वरलीच्या पोरी सगळ्यात पुढे! आणि काठावर गजराबाई, आवाज बसलेला, तरी ओरडतायत: "समोरसमोर बठा वं! तोल सांभाळा! एक बाजूले नका जाऊ!"

सुंदरबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "गजरा. एक चक्कर मले बी दे वं."

"झोका कोन जिकं?"

"मी जिकनू. बरं मंग? बठाड आते."

सुंदरबाईसमोर तोलाला तशीच कोणीतरी लागणार होती, तिच्या वजनाला पुरेल अशी. एकटी कोणी पुरेना. शेवटी एका बाजूला सुंदरबाई आणि दुसऱ्या बाजूला गजराबाई आणि पार्वतीबाई, अशा तिघी बसल्या. त्या तिघींच्या किंकाळ्या पारापर्यंत आल्या म्हणतात. गड्यांनी तरीही मान वळवली नाही. लोटन तेवढा म्हणाला, "कोन जिकं ते सांगा तरी!"

दोन दिवसांनी शोभा निघायची होती. आदल्या दिवशी पहाटेपासून गजराबाईंच्या चुलीवर पुन्हा तेल चढलं. सांजोऱ्यांचा वास गल्लीभर गेला. हिलाल पाणी प्यायला ओसरीवर आला तशी शोभा मायकडे बघायला लागली, आता पदर खाली येईल म्हणून. पदर डोक्यावर होता, पण डोक्यावरच राहिला. गजराबाईंनी चौकटीकडे पाहिलंही नाही. झारा तसाच हातात धरून त्या थेट म्हणाल्या,

"जवाईबापू, तुम्हना जहाजवर कितला मानसं ऱ्हातस?"

हिलालने तांब्या खाली ठेवला. लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर सासूबाई पहिल्यांदाच त्याच्याशी सरळ बोलल्या होत्या. त्याने सांगितलं. आकडा ऐकून गजराबाईंनी क्षणभर डोळे मिटले, मनात गौराईचं नाव घेतलं आणि पार्वतीबाईंना हाक मारली, "वं, आखो पीठ मळ. परातभर नको, घमेलंभर मळ."

दुसऱ्या दिवशी नंदुरबार स्टेशनला बैलगाडी निघाली तेव्हा शोभाच्या ट्रंकेपेक्षा सांजोऱ्यांचे डबे मोठे होते. लोटन लंगडत गाडीमागे आला आणि डब्यांकडे बोट दाखवून तक्रार करू लागला.

"वैनी, हाई काय? सगळं आरमारले? पायदळले काहीच नही?"

गजराबाईंनी पदराच्या गाठीतून तळताना तुटलेली एक सांजोरी काढली. तिचे दोन तुकडे केले, मोठा लोटनच्या हातावर ठेवला आणि लहान रेडिओ घेऊन आलेल्या रतिलालच्या.

"खा," त्या म्हणाल्या. "पुढला साल देखसू."

मग स्टेशनपर्यंत पोचवायला म्हणून गाडीत लेकीच्या समोरच्या बाजूला जाऊन बसल्या. तोल राहावा म्हणून.